तातेयामा-कुरोबे आल्पाइन मार्ग: तारीख, तिकीट, सामान आणि तोयामाचं खाणं

जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर तोयामा नावाचं शहर आहे. समोर हजार मीटरहून खोल उपसागर, पाठीशी तीन हजार मीटर उंचीचे डोंगर, आणि दोन्हींच्या मध्ये भातशेतीची चिंचोळी पट्टी. या डोंगररांगेला आरपार ओलांडून पलीकडच्या नागानो प्रांतात उतरणारा ३७ किलोमीटरचा प्रवास म्हणजे तातेयामा-कुरोबे आल्पाइन मार्ग. एका दिवसात इथे केबल कार, बस, बोगद्यातली विजेची बस आणि रोपवे अशी एकामागून एक वाहनं बदलावी लागतात, आणि मध्ये धरणाच्या भिंतीवरून चालतही जावं लागतं. बर्फाच्या उंच भिंतींमधून जाणाऱ्या बसचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. ते इथलेच.

टोकियो-क्योटोच्या सहलीत हा दिवस बसवताना बहुतेकजण आधी विमानाचं तिकीट काढतात आणि मग इथे काय दिसेल ते शोधतात. या भागात तो क्रम उलटा हवा. बर्फाची भिंत, ट्यूलिप, चमकणारे माखूळ, धरणाचा फवारा, पानांचे रंग या प्रत्येकाची ठरलेली मुदत आहे आणि ती चुकली की पैसे मोजूनही काही दिसत नाही.

आधी तारीख

मार्ग साधारण १५ एप्रिलला उघडतो आणि ३० नोव्हेंबरला बंद होतो. हिवाळ्यात पूर्ण बंद. बर्फाच्या भिंतीजवळून चालायची सोय उघडल्यापासून जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत असते. अलीकडच्या काही वर्षांत सुरुवातीला भिंतीची उंची १३ ते १६ मीटर भरली आहे. भरपूर बर्फ पडलेल्या वर्षी ती २० मीटरच्या आसपासही जाते. मे महिनाभर ती वितळत राहते आणि जूनच्या मध्यावर निम्म्याहून खाली येते, शिवाय धुळीने काळवंडते. पांढरीशुभ्र भिंत हवी असेल तर एप्रिल किंवा मेचा पहिला पंधरवडा.

आमच्या मते वर्षातला सगळ्यात फायद्याचा आठवडा २२ ते २७ एप्रिल. भिंत पूर्ण उंचीची असते, तोयामाजवळच्या तोनामी गावातला ट्यूलिप महोत्सव नुकताच सुरू झालेला असतो, आणि उपसागरात होतारुइका म्हणजे काजव्यासारखे चमकणारे चिमुकले माखूळ अजून मिळत असतात. २९ एप्रिल ते ५ मे हा 'गोल्डन वीक', म्हणजे सगळ्या जपानची एकदम सुट्टी. त्या आठवड्यात इकडे फिरकू नका. रोपवेच्या रांगेत तास-दीड तास जातो आणि हॉटेलांचे दर चढलेले असतात.

मुलांच्या परीक्षा आणि शाळेच्या सुट्ट्या पाहून निघणाऱ्या महाराष्ट्रातल्या कुटुंबांना एप्रिल जमत नाही. त्यांनी ७ मेनंतरचा आठवडा धरावा. ट्यूलिप संपलेले असतात, पण भिंत असते आणि गर्दी ओसरलेली असते.

जुलै-ऑगस्टमध्ये भिंत नसते. त्याऐवजी मार्गावरच्या सगळ्यात उंच ठिकाणी, मुरोदोच्या पठारावर रानफुलं, आणि धडधाकट माणसांसाठी ओयामा शिखराची चढाई (३००३ मीटर, मुरोदोहून वर जायला सुमारे दोन तास). कुरोबे धरणातून पर्यटकांसाठी पाणी सोडतात ते २६ जून ते १५ ऑक्टोबर. त्यामुळे भिंत आणि फवारा एकाच फेरीत बघायचा बेत जवळपास अशक्यच.

पानांचे रंग वरून खाली उतरतात. मुरोदो (२४५० मीटर) सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात रंगतं, रोपवेखालचा उतार ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, धरणाचा परिसर ऑक्टोबरच्या मध्यानंतर, आणि दोन्हीकडचे पायथे नोव्हेंबरच्या सुरुवातीला. दिवाळीच्या सुट्टीत येणाऱ्यांना खालचे रंग आणि वर ताजा बर्फ असं दोन्ही मिळू शकतं. मात्र नोव्हेंबरमध्ये बर्फ पडला की वरची बस एखाद-दोन दिवस बंद राहते, म्हणून तेव्हा तोयामात एक जादा रात्र हाताशी ठेवा.

कुठल्या बाजूने चढायचं

तोयामाकडून नागानोकडे जावं की उलट? सकाळी लवकर भिंतीपाशी पोचायचं असेल तर तोयामाकडून. या बाजूने तीन वाहनांत मुरोदो येतं आणि सगळ्यात वरचं ठिकाण दिवसाच्या पूर्वार्धात पदरात पडतं. पठारावर दुपारनंतर ढग चढतात, त्यामुळे हा फरक मोठा आहे. नागानोकडून आलं तर आधी धरण, मग दोन-तीन रांगा, आणि मुरोदोला पोचेपर्यंत दुपार. सहलींच्या बस दोन्हीकडून येतात, पण सकाळच्या पहिल्या दोन तासांत तोयामाकडून चढणारा वैयक्तिक प्रवासी त्यांच्या पुढे राहू शकतो.

टोकियोहून तोयामाला होकुरिकु शिंकान्सेनने (बुलेट ट्रेनने) सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. सगळ्यात वेगवान 'कागायाकी' गाडीत फक्त आरक्षित आसनं असतात. आदल्या संध्याकाळी तोयामात मुक्काम करा. टोकियोहून पहाटे निघून त्याच दिवशी पार करणं कागदावर जमतं, पण एक गाडी चुकली की मुरोदोला बसायलाही वेळ उरत नाही.

जेआर पास (परदेशी पर्यटकांसाठीचा जपान रेल्वेचा पास) शिंकान्सेनवर चालतो, आल्पाइन मार्गावर नाही आणि तोयामा ते तातेयामा या खासगी रेल्वेवरही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या पासची किंमत ५०,००० येन झाली, तेव्हापासून तो सरसकट परवडत नाही. टोकियो-कानाझावा-क्योटो-ओसाका असा एकदिशा प्रवास असेल तर होकुरिकु आर्च पासचा हिशोब आधी करून पाहा.

तिकीट

तोयामाकडचं तातेयामा स्थानक ते नागानोकडचं शेवटचं ठिकाण ओगिझावा या एकेरी प्रवासाला माणशी दहा-अकरा हजार येन धरून चला. दोन्हीकडचे रेल्वे-बस भाडे वेगळे. मार्गाच्या अधिकृत संकेतस्थळावर इंग्रजीतून तारीख आणि पहिल्या वाहनाची वेळ निवडून आगाऊ तिकीट काढता येतं. हंगामात ते काढाच. खिडकीवर त्या दिवसाची तिकिटं मिळतात, पण सकाळी आठनंतर गेलात तर दोन तासांनंतरची केबल कार हातात पडते आणि पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडतं.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आगाऊ तिकिटात वेळ ठरते ती फक्त पहिल्या वाहनाची. तिथून पुढे प्रत्येक ठिकाणी रांगेत उभं राहायचं, किंवा गर्दीत क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची. मुरोदोत उतरल्या उतरल्या पुढच्या बोगद्याच्या बसपाशी चिठ्ठ्या वाटताहेत का ते बघा, मग भिंतीकडे जा.

सामान

मोठ्या बॅगा घेऊन हा मार्ग करू नका. जिने आहेत, धरणावरून पायी जायचं आहे, आणि जड बॅगेला वाहनांत वेगळं भाडं पडतं. तोयामाहून सकाळी बॅग दिली की त्याच संध्याकाळी पलीकडच्या शिनानो-ओमाची गावात किंवा नागानोला मिळते अशी खास सेवा मार्ग चालू असताना असते. ती सकाळी ठरावीक वेळेपर्यंतच बॅगा घेते. ती वेळ हॉटेलात आदल्या रात्री विचारा, कारण पहिली गाडी पकडणाऱ्यांचं हमखास इथेच अडतं. दुसरा उपाय म्हणजे आदल्या दिवशी हॉटेलच्या काउंटरवरून नेहमीच्या कुरिअरने पुढच्या हॉटेलला बॅग पाठवणं. ती सहसा दुसऱ्या दिवशी पोचते. पाठीवर फक्त एका दिवसाची पिशवी ठेवा: जॅकेट, टोपी, हातमोजे, गॉगल, पाणी, खाणं.

गॉगल हा शौक नव्हे. एप्रिलच्या उन्हात बर्फावरून येणाऱ्या उजेडाने तासाभरात डोळे चुरचुरायला लागतात आणि संध्याकाळी चेहरा भाजल्यासारखा होतो. एप्रिलमध्ये मुरोदोचं तापमान शून्याच्या आसपास असतं, वाऱ्यात त्याहून कमी वाटतं. पायात कॅनव्हासचे बूट नकोत. भिंतीजवळचा रस्ता साफ केलेला असतो, पण वितळलेलं पाणी सकाळी गोठून त्यावर काचेसारखा थर बसतो. खाच असलेला तळवा हवा.

प्रत्यक्ष दिवस

सकाळी सातच्या आसपास देंतेत्सु-तोयामा स्थानकातून निघा. हे जेआरच्या तोयामा स्थानकाला लागूनच आहे, इमारत मात्र वेगळी. गाडी तासाभरात तातेयामा स्थानकाला (४७५ मीटर) पोचते. रोख येन जवळ ठेवा. शेवटच्या टप्प्यात गाडी जोगान्जी नदीच्या घळीतून चढते. तातेयामाला केबल कारच्या वेळेच्या अर्धा तास आधी असा, कारण आगाऊ तिकिटाचा कागद यंत्रातून काढून घ्यायला रांग लागू शकते.

इथली केबल कार म्हणजे हवेत लोंबणारा पाळणा नव्हे, दोराने ओढला जाणारा रुळांवरचा डबा. सात मिनिटांत ती बिजोदाइराला (९७७ मीटर) नेते. वाटेत रुळांशेजारी ओंडके रचून ठेवल्यासारखे दगडाचे खांब दिसतात. लाव्हा थंड होताना पडलेल्या भेगांनी ते तसे झाले आहेत.

बिजोदाइराहून मुरोदोपर्यंत २३ किलोमीटरची बस, पन्नास मिनिटं. डावीकडची खिडकी धरा. थोडं वर गेल्यावर झाडीतून शोम्यो धबधबा दिसतो. चार टप्प्यांत मिळून ३५० मीटर, जपानमधला सगळ्यात उंच. बर्फ वितळण्याच्या दिवसांत त्याच्या शेजारी हान्नोकी नावाचा दुसरा धबधबा उतरतो, तो याहून उंच आहे, पण बारमाही नसल्यामुळे पहिला मान त्याला मिळत नाही. ज्यांना बस लागते त्यांनी गोळी बिजोदाइराला नव्हे, तातेयामालाच घ्यावी. वळणं थांबत नाहीत.

मुरोदो म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा आठशे मीटर उंच. चालताना दम लागणं साहजिक आहे. हृदयविकार किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी आणि आजी-आजोबांना घेऊन येणाऱ्यांनी पहिली पंधरा मिनिटं स्थानकातच बसून काढावीत. डोकं दुखायला लागलं तर पाणी प्या, हळू चाला. वाढतच गेलं तर पुढच्या वाहनाने खाली उतरणं हाच इलाज.

भिंत स्थानकापासून पाच-दहा मिनिटांवर आहे. सुमारे अर्धा किलोमीटरचा भाग चालण्यासाठी मोकळा असतो, अर्ध्या रस्त्याने माणसं आणि अर्ध्याने बस. या जागेचं नाव 'युकि नो ओतानी', बर्फाची मोठी घळ. सबंध पठारावर सरासरी सातेक मीटर बर्फ असतो. इथे तो दुप्पट होतो कारण वाऱ्याने उडालेला बर्फ या खोलगटात येऊन साचतो. वसंतात उपग्रहाच्या मदतीने खालच्या रस्त्याची नेमकी रेषा शोधून बुलडोझर वरून खोदत जातात. भिंतीच्या अगदी जवळ गेलात तर आडवे पट्टे दिसतील. पांढऱ्यात मधूनच फिकट पिवळसर-करडी रेघ असते. चीन-मंगोलियाच्या वाळवंटातून वाऱ्याबरोबर आलेली धूळ त्या दिवशी बर्फावर बसली आणि वर पुढचा बर्फ पडला. भिंतीवर नावं कोरायची हौस काहींना असते. तुम्ही तरी आवरा.

जोराचा वारा किंवा धुकं असलं की भिंतीजवळचं चालणं बंद करतात, बस मात्र चालू असू शकते. म्हणून निघण्याआधी संकेतस्थळावरचा मुरोदोचा थेट कॅमेरा पाहा. पडद्यावर नुसतं पांढरं दिसत असेल आणि दिवस बदलणं शक्य असेल तर बदला.

मे संपल्यावर मिकुरिगाइके तळ्याची फेरी करता येते. त्याच्या काठापाशी २४१० मीटरवर गरम पाण्याच्या झऱ्याचं निवासस्थान आहे, जपानमधलं सगळ्यात उंचावरचं. आंघोळीला दिवसाही जाता येतं. त्याच्याजवळची जिगोकुदानी म्हणजे 'नरकाची दरी' विषारी वायूमुळे बंद आहे, वास मात्र वरच्या वाटेवरही येतो. पठारावर रायचो हा पक्षी दिसू शकतो, हिवाळ्यात पांढरा आणि उन्हाळ्यात तपकिरी. ऊन असलं की तो शिकारी पक्ष्यांच्या भीतीने लपतो. ढगाळ दिवसाची ही एक भरपाई. स्थानकाच्या बाहेर डोंगरातून आणलेल्या झऱ्याचं पाणी पडतं, बाटली तिथे भरून घ्या.

मुरोदोला अडीच-तीन तास द्या आणि एकच्या सुमारास पुढे निघा. बोगद्यातून दाइकान्बोला (२३१६ मीटर) दहा मिनिटं. इथे २०२४ पर्यंत जपानमधली शेवटची ट्रॉलीबस धावत होती, २०२५ पासून बॅटरीवरची बस आहे. दाइकान्बोहून कुरोबेदाइरापर्यंतचा रोपवे १.७ किलोमीटर लांब आहे आणि मध्ये एकही खांब नाही, कारण हिमस्खलन खांब टिकू देत नाही. एका पाळण्यात ८० माणसं, दर वीस मिनिटांनी एक. गणित सोपं आहे: दोन-तीन सहलींच्या बस तुमच्या पुढे लागल्या की एक फेरी गेली. दिवसातला खरा खोळंबा इथे होतो, म्हणून हाताशी पाऊण तास राखून ठेवा. छतावरच्या गच्चीतून समोरचं दृश्य बघत थांबणं तसं वाईट नाही.

कुरोबेदाइराहून धरणाकाठापर्यंतची केबल कार पूर्ण बोगद्यातून जाते, पाच मिनिटं. मग धरणाची भिंत पायी ओलांडायची. कुरोबे धरण १८६ मीटर उंच, जपानमधलं सर्वात उंच, १९६३ मध्ये पूर्ण झालं. बांधताना १७१ माणसं दगावली. त्यांचं स्मारक पलीकडच्या टोकाशी आहे. फवाऱ्याच्या दिवसांत २२० पायऱ्या चढून वरच्या गच्चीवर जा. गुडघे दुखत असतील तर भिंतीवरूनही तो चांगला दिसतो, आणि ऊन असेल तर इंद्रधनुष्य तिथूनच दिसतं.

धरणापासून ओगिझावापर्यंत विजेच्या बसने सोळा मिनिटं. या बोगद्यात निळ्या दिव्यांनी एक टप्पा दाखवला आहे. खडक चुरा झालेला तो ८० मीटरचा भाग. खोदताना थंडगार पाण्याचा लोंढा फुटला आणि एवढंसं अंतर पार करायला सात महिने लागले. बसमध्ये उद्घोषणा होते, ती चुकवू नका. ओगिझावाहून शिनानो-ओमाचीला बसने चाळीस मिनिटं आणि तिथून रेल्वेने मात्सुमोतो, किंवा थेट नागानोची बस पावणेदोन तासांत. संध्याकाळच्या या बस मोजक्याच असतात. शेवटच्या बसवर विसंबून राहू नका, तिच्या आधीची धरा.

तोयामाचं खाणं

मासे खाणाऱ्यांना इथे चंगळ आहे. उपसागर किनाऱ्यापासून लगेच खोल होत जातो, त्यामुळे खोल पाण्यातलं मासळीधन बंदरापासून थोड्याच अंतरावर सापडतं. मार्च ते जून होतारुइका, एप्रिल ते नोव्हेंबर शिरोएबी ही पारदर्शक पांढरी कोळंबी, आणि हिवाळ्यात हिमी बंदरातला चरबीदार बुरी मासा. हिवाळ्यात गडगडाट झाला की लोक म्हणतात, बुरीला जाग आली. होतारुइका उकडून आंबट-गोड मिसोबरोबर खातात. कच्चा मागवायचा असेल तर फक्त हॉटेलात. बाजारातून आणून घरगुती पद्धतीने कच्चा खाऊ नका, आतड्यात परजीवी असतात आणि ते गोठवून किंवा आतडं काढूनच निघतात. चमकताना पाहायचे असतील तर नामेरिकावाच्या संग्रहालयात २० मार्च ते मेअखेर जिवंत प्रयोग होतो. पहाटेची बोट हवामानावर अवलंबून असते आणि वारंवार रद्द होते.

प्रवासात नेण्यासाठी मासुझुशी: व्हिनेगर लावलेल्या भातावर ट्राउटचे काप, सगळं बांबूच्या पानांत गुंडाळून गोल लाकडी डब्यात दाबलेलं. स्थानकावर मिळते. पानांसकट केकसारखे त्रिकोण कापायचे. फ्रिजमध्ये ठेवली तर भात कडक होतो.

शाकाहाऱ्यांनी आल्पाइन मार्गावर मिळेल त्यावर अवलंबून राहू नये. तिथल्या सोबा-उदोन या नूडल्सच्या रश्शात मासळीचा अर्क असतो, आणि धरणावरच्या प्रसिद्ध करीत मांस. मात्र तोयामात कोंबु या समुद्रशेवाळाची फार आवड आहे. जुन्या काळी होक्काइदोहून येणारी मालवाहू गलबतं ते इथे उतरवत. किसलेल्या कोंबुत लोळवलेला भाताचा ओनिगिरी दुकानात मिळतो, आत काय भरलंय ते विचारून घ्या. हे वाक्य कागदावर लिहून ठेवा: "निकु मो साकाना मो ताबेमासेन. कात्सुओ नो दाशि मो दामे देसु." म्हणजे मांस-मासे खात नाही, माशाचा अर्कही चालत नाही. दशम्या आणि कोरडी चटणी घरून आणलीत तर मुरोदोच्या थंडीत त्यांचं मोल कळेल. विमानातून मांसाचे पदार्थ आणि ताजी फळं मात्र आणू नका, विमानतळावरच काढून घेतात.

एक दिवस जास्त असेल तर

तोयामाहून शिराकावा-गोला बसने सुमारे दीड तास. १९९५ पासून जागतिक वारसा यादीत असलेली गवती छपरांची घरं तिथे आहेत, छपराचा उतार जवळपास ६० अंशांचा, बर्फ घसरून पडावा म्हणून. काही बस आरक्षणाशिवाय घेत नाहीत, आणि हिवाळ्यातल्या रोषणाईच्या मोजक्या संध्याकाळींना आगाऊ आरक्षणाशिवाय प्रवेश नाही. गर्दी नको असेल तर त्याच यादीतलं गोकायामा निवडा, ताकाओकाहून बस मिळते. तिथलं तोफू इतकं घट्ट असतं की दोरीने बांधून उचलतात, आणि ते शाकाहाऱ्यांच्या कामाचं.

डोंगर समुद्रावर तरंगल्यासारखे दिसणारा फोटो हवा असेल तर ताकाओकाहून हिमी लाइनवरचं आमाहाराशी स्थानक, वीस मिनिटं. हिवाळ्यातल्या किंवा वसंताच्या सुरुवातीच्या निरभ्र सकाळीच तातेयामा रांग दिसते, एरवी समोर नुसता धूसर पडदा. गाड्या साधारण तासाला एक, तेव्हा परतीची वेळ पाहूनच किनाऱ्यावर उतरा.